चार बोटं जास्त

"भावोजी, मापताना स्टिकचं टोक हललं असणार," असं काटेवालीने पुन्हा एकदा म्हटलं, तेव्हा दिराने ताट बाजूला सारलं. चोर ठरवूनच घास घालायचा असेल तर मला जेवायचंच नाही, असं त्याने आईला सांगितलं. सासूबाईंनी ताट परत त्याच्यापुढे ओढलं. काटेवालीचा नवरा खाली मान घालून शांतपणे जेवत होता.

काटेवाली हे तिचं नाव नव्हे. ती ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला होती. चाकं पुरती वर चढलीत का, क्लीनर आत लपून बसलाय का, हे बघता बघता तिचा स्वभावच तसा झाला होता. जो ट्रकवाला फार गोड बोलायचा, त्याची गाडी ती हटकून मागे घ्यायला लावून पुन्हा चढवायची. घरात दूध उतू गेलं, तरी मुळात पातेल्यात होतं किती, हा तिचा पहिला प्रश्न. दीर म्हणायचा, वहिनी देवाकडूनही पावती घेईल.

घर गोल्फच्या मैदानामागच्या क्वार्टर्समध्ये होतं. नवरा मैदानावर गवत कापायचं मशीन चालवायचा, दीर सरावाचे चेंडू गोळा करायचा. वर्षातून एकदा नोकरमाणसांची स्पर्धा असे, आणि यंदा जिंकणाऱ्याला कोचच्या हाताखाली शिकायला मिळणार होतं. दिराने तर त्यावर लग्नाचाही बेत बांधून ठेवला होता. स्पर्धेत नवराही उतरला होता; तो आपला बेत बोलून दाखवत नसे. पण इतरांच्या खेळासाठी गवत कापण्यात त्याची उमेद गेली होती, आणि हल्ली तो अंगणात एकटाच हवेत स्टिक फिरवताना दिसे. दिराचे फटके मोजून कार्डावर सही करायला मार्कर म्हणून काटेवालीला नेमलं होतं. तिच्या मोजणीवर कोण बोट ठेवणार? तिनेही नियम दोनदोनदा विचारून पक्के करून घेतले होते.

दोघे भाऊ एकाच गटात खेळले आणि सकाळी खेळ संपला. दीर भावापेक्षा एक फटका कमी घेऊन पुढे होता. क्लबचा सेक्रेटरी जेवून आला की कार्डं द्यायची, एवढंच उरलं होतं. पण शेवटाकडे दिराचा चेंडू सिमेंटच्या वाटेवर जाऊन थांबला होता. अशा वेळी दंड न लागता रिलीफ मिळतो, म्हणजे चेंडू उचलून बाजूला टाकता येतो. जवळात जवळची मोकळी जागा धरायची, भोकाच्या जवळ न सरकता तिथून एका स्टिकभर अंतर मापायचं, आणि तेवढ्या टापूत गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. चेंडू थांबलाही त्याच टापूत पाहिजे. दिराचा चेंडू थांबला तो अगदी स्टिकच्या टोकाशी. काटेवालीने उकिडवं बसून पाहिलं. आतच होता. तिने त्याला मारू दिलं. पुढे चालताना मात्र नवरा हळूच म्हणाला, "जरा लांबच नाही वाटलं तुला?" तेवढं पुरे झालं. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. चुकीच्या जागेवरून मारलं असेल, तर दोन फटके दंड.

दीर हात न धुताच उठला, पिशवीतली सगळ्यात लांब स्टिक घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी टाकली. आता दाखवाच टोक कसं हलवलं ते, म्हणाला.

काटेवालीने स्टिक निरखली. "ही नव्हती. त्या स्टिकच्या मुठीला लाल पट्टी होती."

"ती दादाची. माझी पिशवी लांब राहिली होती, म्हणून दादाने आपली पुढे केली. स्टिकसारखी स्टिक, त्यात काय."

ती बाहेरच्या खोलीत गेली, नवऱ्याची स्टिक आणली आणि शेजारी ठेवली. दीर बुटका, म्हणून त्याच्या स्टिका कापून लहान करून घेतलेल्या. मुठी जुळवल्या, तर नवऱ्याची स्टिक चार बोटं पुढे गेली. त्याच चार बोटांत चेंडू थांबला होता. माप खेळणाऱ्याच्या स्वतःच्या सगळ्यात लांब स्टिकचं धरायचं असतं, दुसऱ्याच्या नव्हे.

"म्हणजे मी चुकलो?" दीर पुटपुटला.

"चुकलात. पण लबाडी तुमची नाही."

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्या जगावर तिने संशय घेतला होता. हा एकच माणूस तिने कधी काट्यावर चढवला नव्हता.

"तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"मैदानावर एवढं कोण बघतं गं."

"मग मला का बघायला लावलंत?"

नवऱ्याने पेल्यात पाणी ओतून घेतलं, पण तो प्यायला नाही. सासूबाई म्हणाल्या, दोघंही माझीच लेकरं, कुणालाही मिळो, घरातलं घरात राहू दे. दीर भावाकडे असा बघत होता, जणू तो आत्ताच दारातून आत आलेला कुणी परका आहे.

काटेवालीने दोन्ही स्टिका उचलल्या आणि पायात चपला सरकवत ती नवऱ्याला म्हणाली,

"भावोजींच्या कार्डात दोन फटके वाढवून मी सही करणार. आणि लांब स्टिक कुणी हातात दिली, नंतर माझ्या कानाशी कोण लागलं, तेही सेक्रेटरीला सांगणार. जिंकलं कोण ते कमिटी ठरवेल. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर मी एकटी जाते."