भाऊंचं तापट सरबत

पुण्यातल्या त्या लॉन्ड्रीत मी खरोखरच दोन पँटी इस्त्रीला घेऊन गेलो होतो. ऑफिसातली तरुण मंडळी म्हणाली होती, "सर, आज संध्याकाळी लॉन्ड्रीत भेटू." मला वाटलं, तिथं जमून पुढे कुठंतरी जायचं असेल, तेवढ्यात आपलंही एक काम उरकेल. काउंटरमागे साठीचे, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक गृहस्थ उभे होते. "मागच्या वेळी दोन-दोन रेघा पाडल्यात, या खेपेला नीट करा," असं म्हणून मी आमच्या तळेगावच्या इस्त्रीवाल्याचा राग त्यांच्यावर काढला. त्यांनी पिशवी शांतपणे घेऊन बाजूला ठेवली. "ठिवतो सायेब. पर हितं कापडं न्हाई धुत. माणसं धुत्यात." मग त्यांनी पाठीमागचं कपड्यांचं कपाट ढकललं आणि आत अख्खा बार दिसला. मंडळी आत बसून माझीच वाट बघत होती. काउंटरवरचे ते गृहस्थ मला वाटलं, दारावरचे कुणी असतील. पाच मिनिटांनी तेच गृहस्थ एप्रन बांधून आतल्या बाटल्यांपुढे उभे राहिले.

हे भाऊ. आंदर मावळातल्या टाकव्याचे. मी तळेगावचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "मंग आपलंच की!" म्हणाले आणि माझ्या सरबतात लिंबू जास्त पिळलं.

त्या वर्षी आमच्या मंडळींनी मला शहरातले असे पुष्कळ बार दाखवले. एकाचं दार सलूनच्या आरशामागे, एकाचं पुस्तकांच्या मांडणीमागे. एका ठिकाणी फ्रीजच्या दारातून वाकून आत जायचं होतं. तिथं माझी कंबर धरली आणि मला दोघांनी ओढून काढलं. आमच्या लहानपणी लपून पिणारे लाजेपोटी लपत. आता लोक हौसेनं लपतात आणि आत गेल्यावर फोटो काढून सगळ्यांना कळवतात. मला लवकरच त्याचा शीण आला. बाकीचे बार सुटले. भाऊंचा मात्र राहिला. बार सहाला उघडे. गिऱ्हाइकं यायच्या आत तासभर भाऊंपुढे बसायचं, एखादा ग्लास घ्यायचा आणि लोणावळा लोकल पकडायची. बायकोला सगळं ठाऊक होतं. नऊच्या आत भाजी घेऊन घरी येणाऱ्या माणसाला ती दारुड्या म्हणायला तयार नव्हती.

भाऊंची ख्याती अशी, की उभ्या जन्मात त्यांनी थेंब चाखला नव्हता. इतर बारटेंडर नळी बुडवून थेंब जिभेवर घेतात. भाऊ तो थेंब डाव्या मनगटावर टाकत, चोळत, डोळे मिटून हुंगत आणि म्हणत, "आलं कमी हाय." कमीच असे. हे नाक लोणावळ्याच्या एका हॉटेलात तयार झालं होतं. तिथं ते वयाच्या विशीत ग्लास धुवायला लागले. धुता धुता कुठल्या ग्लासात काय होतं ते हुंगून सांगू लागले, आणि मॅनेजरनं त्यांना मोरीतून उचलून बाटल्यांपुढे उभं केलं. मी एकदा विचारलं, "भाऊ, माळ आणि हा धंदा, कसं जमतं?" ते म्हणाले, "माळ हाताला काय सांगत न्हाई. तोंडाला सांगती." गावात कुणी विचारलं, तर ते सरबताच्या धंद्यात असल्याचं सांगत. "खोटं कुटं हाय? सरबतच की. जरा तापट."

कुणी तिसरा ग्लास मागितला की भाऊ त्याच्याकडे नीट बघत, आणि माणूस दमलेला दिसला तर मीठ-लिंबाचं पाणी पुढे ठेवत. "हे पी आन् घरला जा, लेकरा." मालक कुरकुरे, पण करवंदाचं आणि गवती चहाचं भाऊंचं कॉकटेल प्यायला लोक मुंबईहून येत, त्यामुळे गप्प बसे.

मग गेल्या हिवाळ्यात भाऊंना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. "घरात फोडणी करपली तरी कळंना," भाऊ हळूच म्हणाले. मालकाला त्यांनी सांगितलं नव्हतं. "सांगितलं तर त्यो म्हननार, चाखा. चाखलं तर माळ जाती, न्हाई चाखलं तर काम जातंय. चाळीस वर्सं ह्या वासात गेली, सायेब. घरी बसून काय हुंगू?"

अशा रीतीनं मी भाऊंची जीभ झालो. ते चमच्यातून थेंबभर पुढे करायचे, मी "आंबट झालंय", "साखर हवी" असं सांगायचो. माझ्या जिभेची लायकी चहा-खारीपलीकडची नाही. पण दीड महिना आमचं निभलं.

एके दिवशी मालकाचे पाहुणे लवकर आले. त्यांना करवंदाचंच हवं होतं. भाऊंनी केलं, मी नकारार्थी मान हलवली. पुन्हा केलं, पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदाही तेच. चौथा चमचा पुढे करून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चव भयंकर होती; साखरेच्या पाकाऐवजी शेजारच्या बाटलीतलं लोणच्याचं खारं पाणी पडलं होतं. पण चौथ्यांदा नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "आता जमलं."

पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले. मालकानं स्वतः चव घेतली आणि ग्लास भाऊंपुढे सरकवला. तो वाईट माणूस नव्हता. आवाज चढवला नाही. "भाऊ, एक थेंब जिभेला लावून बघा. काय झालंय कळेल तुम्हाला."

भाऊंनी ग्लासकडे बघितलं. मग एप्रन सोडला, त्याची चौघडी घातली आणि ग्लासाशेजारी ठेवला. "न्हाई जमायचं, शेठ."

लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. देहू रोड गेलं. शेवटी भाऊच म्हणाले, "तुमी खोटं बोललात, त्ये मला तवाच कळलं. नाक गेलंय, डोळं हायेत की."

"मग दिलंत कशाला त्यांना?"

"म्या बी दमलो व्हतो, सायेब. म्हनलं, आता झालं तेवढं लय झालं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. तळेगाव आलं, मी उतरलो. भाऊ पुढे कान्ह्याला उतरून टाकव्याला जाणार होते. गाडी हलली तेव्हा ते मनगट नाकाशी धरून बसले होते.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. माझ्या एका शब्दानं त्या माणसाचं काम गेलं, असंही म्हणालो. तिनं पान वाढलं, आमटीची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून म्हणाली, "आता ही खा आणि कशी झालीय ते खरं सांगा. बावीस वर्षं झाली लग्नाला, एकदा तरी."