मंजूचा साबुदाणा

नागपूरहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत होते. "वहिनी, मंजू गेली," एवढंच बोलले. साधा ताप म्हणून नेलं होतं तिला... दीडेक महिना झाला, पण सूप हातात घेतलं की अजून तो फोन आठवतो.

मंजू माझी धाकटी जाऊ. मारेगावला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि मुकुटबनजवळच्या आमच्या घरी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करायची. गावातल्या शाळेच्या बोअरच्या पाण्यात शिसं निघालं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. एक दिवस डबाभर पिवळसर दाणे घेऊन आली. प्लास्टिकच्या जातीचे, पण दिसायला थेट साबुदाणा. म्हणाली, "आपण डाळीतले खडे निवडतो न ताई, तसे हे दाणे पाण्यातलं शिसं निवडते. बाकीच्याले लय हात नाही लावत." सासूबाईंनी हे ऐकलं नव्हतं. संकष्टीसाठी त्यांनी तेच दाणे भिजत घातले आणि सकाळी कपाळाला हात लावला. "मंजू, तुहा साबुदाणा काहून फुगून नाही राह्यला वं?" मंजू हसता हसता खालीच बसली. त्या दिवशीचा उपास आम्ही शेंगदाण्यांवर काढला.

शाळेच्या टाकीला तिने त्या दाण्यांची नळी बसवली. पाणी पुन्हा तपासलं, तर शिसं जवळपास नाहीसं. पोरं ओंजळीनं प्यायची आणि ही कमरेवर हात ठेवून बघायची, जणू विहीर हिनंच खणली. पण दाणे शिशानं भरले की अ‍ॅसिडनं धुवावे लागत. ते पाणी ती कॅनमध्ये भरून कॉलेजात न्यायची. मोरीत ओतणं म्हणजे पकडलेला चोर गावातच सोडणं, म्हणायची. मी कितीदा म्हटलं, मला शिकव. "तुमचे हात जळतीन, ताई. मी आहो नं." या वाक्याचा मला आता राग येतो.

नळीतले दाणे शिशानं भरलेत, म्हणून शाळेचा नळ सध्या बांधून ठेवलाय. पोरं घरून बाटल्या आणतात, विसरली की तहानलेली बसतात. कॉलेजवाले म्हणतात, कुणी मिळालं की पाठवू...

उरलेल्या मूठभर दाण्यांचा डबा फळीवर साबुदाण्याशेजारीच आहे. मी हलवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, तिचा हाय." परवाच्या संकष्टीला उसळीसाठी त्यांनी चुकून तोच उघडला. चिमटीत दाणा धरून माझ्याकडे वळल्या.

"तुले धुवाले शिकवलं का वं तिनं?"

"नाही जी, आई."

त्यांनी दाणा परत डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं.