नव्या मुलीला किती घरं द्यायची

त्या हिवाळ्यात मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात घरोघरच्या सर्व्हेचं प्लॅनिंग करायचे. कुठल्या भागात कोण जाणार, कुणाला किती घरं द्यायची, ते माझं काम. बर्मिंगहॅमची आमची जुनी इंटरव्ह्यूअर पाठ धरल्याने घरी बसली आणि तिचा सगळा भाग एका नव्या मुलीकडे आला. ही माझ्या लंडनजवळच्या पिनरच्या मैत्रिणीची मुलगी, आता बर्मिंगहॅमला राहणारी; इथेच जन्मलेली, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं. नोकरी मीच सुचवली होती.

मॅनेजर म्हणाले, "घरं तेवढीच, मुदतही तेवढीच."

"जुनीला लोक ओळखतात, पहिल्याच खेपेला आत घेतात," मी म्हटलं. "हिला प्रत्येक दारी तीन-तीनदा जावं लागेल."

"मग जाईल की!"

लोक घरी सापडायचे संध्याकाळी, आणि अंधार तर चारलाच पडायचा. काम संपलं की तिने मला फोन करायचा, असं ठरलं होतं. एका गुरुवारी फोन आलाच नाही. ऑफिस रिकामं झालं. मी कोट घालून तशीच टेबलाशी बसले. तिचा मोबाइल बंद. तिच्या आईला कळवावं तर सांगायचं काय?

शेवटी अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"मावशी, मी ठीक आहे. माझा बॅटरी गेला." आवाज कापत होता. "एक माणूस दारात ओरडला, मग माझ्या मागेच आला. मी समोरच्या घरी नॉक केलं. इथल्या आजींनी आत घेतलं."

"तिथून हलू नकोस. मी टॅक्सी पाठवते."

"पण अजून चार घरं राहिला..."

"राहू देत गं!"

आजींचा पत्ता विचारून घेतला आणि फोन ठेवून लगेच टॅक्सी बोलावली.

सकाळी जुनीला फोन केला. ती म्हणाली, "त्या रस्त्यावर मी शनिवारी सकाळीच जाते. अंधारात कधीच नाही." हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग मी मॅनेजरांसमोर ठाण मांडून बसले. नव्या माणसाला निम्मी घरं, मुदत जास्त, आणि सुरुवातीला सोबत जुनं माणूस. बरीच कुरकुर करून ते कबूल झाले.

जुनी बरी झाल्यावर दोघी त्या रस्त्यावर शनिवारी गेल्या. त्या माणसाचं घर आम्ही सोडून दिलं. मुलगी कामात टिकली. मला मात्र पुढे कित्येक महिने खिडकीबाहेर अंधारून आलं की काही सुचायचं नाही.