सासूबाईंच्या हाडांतली कपबशी

आक्का मंगळवारी गेल्या. मी चहा केला होता. कप भरून त्यांना उठवायला गेले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

आक्का म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गावातच दिलेली, त्यामुळे भांडण सासरी करायचं आणि हसायला माहेरी यायचं, ही त्यांची सोय होती. पुढे दोघींचेही नवरे गेले आणि त्या माझ्याकडेच राहायला आल्या. आता भेटायला येणारे सगळे म्हणतात, बाई फार सोज्वळ होती. मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले आहे, त्या शब्दाचा अर्थ मला माहीत आहे. तो आक्कांना लागू होत नाही. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे. घाई नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव चिखलीहून साखरखेर्ड्याकडे जाताना लागतं. गावच्या विहिरीला धड काठ नव्हता. शेवाळलेल्या दगडावर उभं राहून पाणी शेंदायचं आणि भरलेली घागर चिखलात टेकवायची. तिथेच सासूबाई घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. बुलढाण्याला नेऊन हाताचा एक्स-रे फोटो काढला. हात जुळला, पण ती काळी फिल्म सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगून ठेवली. कोणी आलं की उजेडात धरायच्या. "हे पाय माहं हाड. इथं तडकलं व्हतं." लोक फिल्मलाही हात जोडत.

विहिरीला ओटा बांधा, असं सांगायला आक्का ग्रामपंचायतीत गेल्या. तिथे त्यांचे चुलत दीर पंच होते. ते म्हणाले, "पाणी भरतात बाया, अन् सिमेंट भराव आम्ही?" सगळे हसले. आक्काही हसल्या. त्या हसल्या याचीच मला काळजी वाटली. निवडणूक लागली तेव्हा त्या दिरांच्याच विरोधात उभ्या राहिल्या.

चिन्हं वाटली गेली. दिरांना घागर मिळाली आणि आक्कांना कपबशी.

"घ्या आता," आक्का ओसरीवर येऊन बसल्या. "ओटा कशासाठी मांगून राह्यली मी? घागरीसाठी. अन् घागर कोणाची? भाऊजीची. विहिरीवरची बाई शिक्का कशावर मारन?"

निम्म्या बायांना अक्षर वाचता येत नव्हतं. चिन्ह डोळ्यांत बसलं तरच मत मिळणार होतं. आम्ही तांबडी काव कालवून भिंतीवर हाताने कपबश्या काढू लागलो. एक कप दुसऱ्यासारखा येईना. कपाचा कान बुजायचा, बूड फुगायचं, बशी ओघळायची. तिसऱ्या भिंतीवर तर चक्क घागर झाली. नेमके तेव्हाच दीर तिथून चालले होते. थांबले, मान तिरकी करून पाहिलं.

"वयनी, माहाच प्रचार करून राह्यल्या का? रंग धाडू का आनखी?"

"धाडा भाऊजी, पुरून नाई राह्यला," आक्का म्हणाल्या. घरी आल्यावर मात्र कावेचा डबा त्यांनी असा आपटला की झाकण चुलीमागे गेलं.

मी सांगितलं, असं हाताने काढून भागणार नाही, साचा कापायला हवा. एका मासिकात वाचलेलं आठवत होतं. पुठ्ठ्याचा साचा केला, तर दोन भिंतींतच तो रंग पिऊन मऊ पडला. रंग न पिणारं काहीतरी हवं होतं. आम्ही दोघींनी एकाच वेळी देव्हाऱ्याकडे पाहिलं.

सासूबाई ओरडल्या, "माह्या हाडात भोक पाडता का वं?"

"माय, तुह्यं हाड जुळलं. फोटोतलं काई आता जुळत नाई."

सासूबाईंनी दुसऱ्या हाताने आपलं मनगट चाचपलं. ते मनगट विहिरीवरच मोडलं होतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. "पाडा," त्या म्हणाल्या. "पन बोटं तोडू नका. मले भाकरी थापाच्या हायेत."

मग कापायचं शिकणं सुरू झालं. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा मी माझ्या बोरूच्या फटीत बसवला आणि दोरा गुंडाळला. पहिल्यांदा पातं फार बाहेर राहिलं. ते फिल्म कापून खालच्या पाटात रुतलं आणि लाकडाच्या रेषेने आपल्याच वाटेने गेलं. फिल्मच्या कडेला फाटका ओठ तयार झाला. पातं आत ढकललं, तर नुसताच ओरखडा उठला. दुसऱ्यांदा त्याच रेषेवरून फिरवलं की धार शेजारून जायची आणि कडेला केस उभे राहायचे. शेवटी टोक फिल्मच्या जाडीपेक्षा जरासंच जास्त बाहेर ठेवलं, इतकं की बोट फिरवलं तर ते दिसण्याआधी जाणवावं.

खाली काय ठेवायचं, हाही प्रश्न होताच. काचेवर टोक मोडलं. आक्कांचा डोळा माझ्या शब्दकोशावर होता. "त्याचा पुठ्ठा झ्याक गुळगुळीत हाये."

"आक्का, तो शब्दकोश आहे."

"शब्द आत हायेत नं? मले नुसतं बाहेरचं पाह्यजे."

दिला. फिल्म सरकू नये म्हणून खाली पातळ खळ लावली. मग दरवेळी आधी कोपऱ्यात चिंचोक्याएवढा चौकोन कापून पाहायचा. तो बाभळीच्या काट्याने उचलला आणि अख्खा निघाला, खालच्या पुठ्ठ्यावर नुसती पुसटशी रेघ दिसली, की पातं बरोबर. वळणावर हात वळवला की कड फाटायची. तेव्हा मी हात स्थिर धरला आणि आक्कांनी शब्दकोशासकट फिल्म फिरवली. "बैल तू, घाना मी," त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात उलटं होतं.

कानाच्या आतला तुकडा पहिल्या कपात गळून पडला आणि कान पुन्हा बुजला. आक्का म्हणाल्या, "बहिरा झाला बिचारा." फिल्मच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर नवा कप आखला आणि कानाच्या आतला तुकडा फिल्मच्याच दोन बारीक पट्ट्यांनी टांगता ठेवला. काट्याने कप उचलला, बशी उचलली. कड अशी निघाली होती की सासूबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरनं माहा हात असा जोडाले पाह्यजे व्हता." मनगटाच्या हाडांमधोमध कपबशीचं भोक होतं. बोटं शाबूत होती.

गावात जिथे भिंत मिळाली तिथे एकसारख्या कपबश्या उठल्या. इथवर सगळं रीतसर होतं. पण आक्कांचं समाधान होईना. "भिंत एका जागी ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "फिरनारं काई पाह्यजे."

दिरांच्या दारात म्हैस होती. काळीभोर, रुंद कुशीची, रोज अख्ख्या गावातून डोहावर जाणारी. शाळेच्या दारांना लावून उरलेला पांढरा तेलरंग आमच्याकडे होता. भर दुपारी आम्ही त्यांच्या गोठ्यात शिरलो. म्हशीचा कासरा धरून दिरांची बायकोच उभी होती.

"बिगीन मारा वं," ती कुजबुजली. "ते जेवून राह्यले. दुसरी भाकर वाढून आली मी."

मी फिल्म धरली, आक्कांनी चिंधीने रंग थापला. म्हशीचं कातडं माशी बसल्यासारखं थरथरायचं, तेव्हा आम्ही तिघी श्वास धरून थांबायचो. फिल्म उचलली तेव्हा कुशीवर पांढरी कपबशी होती, कानासकट. आतून दीर ओरडले, "मीठ कुठी हाये?" त्यांची बायको पदरात तोंड खुपसून आत पळाली.

संध्याकाळी दीर आमच्या ओसरीसमोर येऊन उभे राहिले. "वयनी, माही म्हैस कोनाचा प्रचार करून राह्यली?"

"मले काऊन इचारता भाऊजी? तिले इचारा. तिचंबी काई मत असनच."

त्यांनी रॉकेलने घासलं, तर नुसती बशी फिकी झाली. वर पोतं बांधलं, ते म्हशीने डोहात सोडून दिलं. दुधाचं गिऱ्हाईक दारात येऊन म्हणू लागलं, "दूध तुमचं, कपबशी आक्काची, आता साखर कोन देते?" एरवी कमी बोलणाऱ्या माझ्या नवऱ्याने ही बातमी ऐकली आणि जेवता जेवता त्याला ठसका लागला.

आक्का निवडून आल्या. थोडक्यात आल्या, पण आल्या. विहिरीला दगडी काठ झाला आणि घागर टेकवायला सिमेंटचा ओटा. पहिली घागर टेकवायला आक्कांनी दिरांच्या बायकोला पुढे केलं. दीर बाजूला उभे होते. हिलाच मान का, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांची बायको माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हते.

आता घरोघर नळ आहेत. विहिरीवर जाळी टाकली आहे. ओटा आहे, संध्याकाळी त्यावर म्हातारी माणसं बसतात. शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर कपबशीची पुसट रेघ आहे. फिल्म खिळ्याला आहे.