त्या रविवारी लाल काही नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. अकरा वर्षं झाली. रोज चार-चार तास माईक लावून बोलणारी बाई मी — आणि एवढं एक काही तोंडातून बाहेर पडत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर माझी हिंमत होत नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

केबिन रोडला, साड्यांच्या दुकानाच्या वर माझा क्लास आहे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी चालू घडामोडी शिकवते. राज्य, देश, जग — कुठली योजना आली, कुठली गुंडाळली, कोण कुठल्या पदावर बसलं. भाईंदरचीच काय, पार विरारवरून पोरं येतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या हातात एक लाल पेन ठेवते. नियम सांगते — निळ्या शाईत लिहिलेली बातमी बदलली, की त्याच दिवशी वहीत ती खोडायची आणि शेजारी लाल शाईत नवी लिहायची. उद्या नाही, परवा नाही, त्याच दिवशी. पोरं मला ‘लाल पेनवाल्या मॅडम’ म्हणतात. मला ते आवडतं. आवडतं, खोटं कशाला बोलू?

तो नियम माझा नाही. तो हेमांगीचा आहे.

हेमांगी भाईंदर पश्चिमेची, जुन्या कोळी घरातली. तिची आई बाजारात मासळी विकायची. आमची ओळख झाली ती अभ्यासिकेत. आम्ही दोघी राज्यसेवेची तयारी करत होतो, दोघींकडे क्लासला घालायला पैसे नव्हते, आणि पेपर सगळे वाचायचे म्हटले तर दिवस पुरायचा नाही. म्हणून वाटणी केली. राज्याच्या बातम्या माझ्याकडे, देश आणि जग तिच्याकडे. दर रविवारी समोरासमोर बसून एकमेकींच्या नोट्स आपापल्या वहीत उतरवायच्या. झेरॉक्स नाही — हाताने लिहिलं की डोक्यात बसतं, असं तिचं म्हणणं. माझं मी वाचायचं, तिचं तिने वाचायचं, आणि दुसरीने वाचलेलं डोळे मिटून खरं मानायचं. असं करणाऱ्या जोड्या तेव्हाही होत्या, आताही असतील. त्याशिवाय ही परीक्षा गरिबाला झेपत नाही.

लाल पेन तिनेच आणले होते, एक तिला, एक मला. म्हणाली, बातमी म्हणजे मासळी, सकाळची संध्याकाळला चालत न्हाय. रविवारी भेटलो की बसायच्या आधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला — “काय लाल हाय का?” म्हणजे, तुझ्या वाट्याच्या बातम्यांत जुनं काही बदललंय का?

हे एवढं लांबण का लावतेय मी? येते, मुद्द्यावर येते. पण आधी माझ्या पोटात काय दुखत होतं ते सांगायला हवं. सबब म्हणून नाही. तसंच होतं म्हणून.

हेमांगी माझ्यापेक्षा हुशार होती. थोडीथोडकी नाही, चांगली हुशार. मी चार वेळा घोकायचे ते ती एकदा वाचून सांगायची. सराव परीक्षा सोडवली की माझ्यापुढे. आणि आमच्या घरात — आम्ही रत्नागिरीकडचे, स्वतःला फार शहाणे समजणारे — माझी आई जेवताना म्हणायची, “ती मासळीवालीची पोर साहेब होणार, आणि तू बस वाटाणे सोलत.” रोज हेच. त्या ‘मासळीवाली’ शब्दात काय काय भरलेलं असायचं ते मला कळत होतं. लाज वाटायला हवी होती. मला आईचा राग यायचा नाही, हेमांगीचा यायचा. आणि तिचीच आई, ती मासळीवाली, मी बाजारातून जाताना दिसले की हाक मारून मूठभर सुकट कागदात बांधून द्यायची. “लिवा बायांनो, दोगी साहेब व्हा.” घरी नेऊन ती सुकट मी चवीने खायचे.

त्या वर्षी हेमांगीची शेवटची संधी होती. वय होतं हातात, पण घर थांबायला तयार नव्हतं. आईचे गुडघे गेले होते. भावाने स्वच्छ सांगितलेलं — यंदा पूर्व परीक्षा निघाली तर पुढचं बघू, नाहीतर मिळेल ती नोकरी धरायची. हे तिने मला सांगितलं होतं. मला माहीत होतं, लक्षात घ्या. मला सगळं माहीत होतं.

परीक्षेला बारा-तेरा दिवस राहिले होते. मंगळवार. सकाळी चहा घेताना आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार ओळींची बातमी — राज्याच्या एका आयोगाचा अध्यक्ष बदलला. कुठला आयोग, कोण अध्यक्ष, जाऊ दे. आज कुणाला आठवतंय? जुनं नाव मीच महिन्यापूर्वी दोघींच्या वहीत घातलं होतं. मी लाल पेन घेतला, माझ्या वहीतलं नाव खोडलं, शेजारी नवं लिहिलं, खाली तारीख टाकली. तारीख टाकायची सवयही तिचीच.

रविवार आला. ती बसली, वही उघडली. “काय लाल हाय का?”

मी म्हटलं, “नाही गं, काही नाही.”

बस. एवढंच. विसरले नव्हते. गडबडीत राहून गेलं, असंही नाही. तिने विचारलं आणि मी तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हटलं. ठरवून आले होते का? नव्हते. पण तोंडातून निघाल्यावर परत घ्यायला अख्खी दुपार होती. समोर बसलेलो आम्ही, तिच्या बाटलीतलं पाणी मी पीत होते. परीक्षेच्या सकाळपर्यंत फोन करता आला असता. नाही केला.

तुम्ही म्हणाल, एका नावाने काय होतं? मीही स्वतःला तेच म्हणत होते. विचारतीलच कशावरून? त्यांनी विचारलं. पर्यायांत नवं नावही होतं आणि जुनंही. हेमांगीने डोळे मिटून जुन्यावर गोल काळा केला — माझ्यावर विश्वास ठेवून. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. निकाल लागला तेव्हा मी पास झाले होते, काठावर. आणि ती राहिली. त्या एका प्रश्नाने राहिली. बाकी सगळं तिचं माझ्यापेक्षा सरस होतं.

इथेच थांबले असते तरी मी तुम्हाला तोंड दाखवू शकले असते कदाचित. मत्सर कुणाला होत नाही? पण पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. वही घेऊन. भांडायला नाही आली. नुसती गोंधळलेली होती. म्हणाली, माझ्या वहीत लाल का न्हाय? आणि मी — मी आत गेले, माझी वही आणली, ते पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. लाल शाई, नवं नाव, खाली तारीख. “हे बघ, मी सांगितलं होतं की त्या रविवारी. तू उतरवलं नसशील.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्या. फक्त मी बोंब नाही मारली. मऊ आवाजात, तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं.

तिने ती तारीख पाहिली. बराच वेळ पाहिली. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. “माझाच लक्ष नव्हता गं.” आई स्वयंपाकघरातून बघत होती. हेमांगी गेल्यावर म्हणाली, एवढी हुशार म्हणे आणि वही नीट ठेवता येत नाही.

मुख्य परीक्षेत मी साफ आपटले. तीनदा आपटले. म्हणजे माझ्याही पदरात काही पडलं नाही. तिची जागा मी खाल्ली, असं म्हणायचीही सोय नाही. वाया घालवली नुसती. हेमांगी एका दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीवर बसते. अकरा वर्षं तिथेच. मी क्लास काढला.

आणि करून करून भागली, देवपूजेला लागली! लाल पेन वाटताना मी पोरांना एक गोष्ट सांगते. दर बॅचला. “माझी एक मैत्रीण होती. फार हुशार. मी तिला एक बदल सांगितला, तिने आळस केला, वहीत उतरवला नाही. एका प्रश्नाने तिचं आयुष्य गेलं.” लिहिणारी पोरं मान वर करून ऐकतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. गोष्ट चांगली जमलीय. दरवर्षी थोडी आणखी जमते.

यंदा मानसी नावाची मुलगी आलीय. हेमांगीच्या भावाची मुलगी. फॉर्मवर आडनाव होतं, पण मी बघितलंच नाही. गोष्ट झाल्यावर टेबलाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, ती मैत्रीण म्हणजे माझी आत्या ना? आत्या पण हेच सांगते. तिनेच मला तुमच्याकडे पाठवलं. म्हणते, स्वातीच्या वहीत कधी चूक सापडायची नाही.”

त्याच संध्याकाळी हेमांगीचा आवाज आला, व्हॉट्सअॅपवर. अगदी साधा, हसरा. “स्वाती, मानसी बोलली मला. बरं केलंस, सांगत जा पोरांना. नाव घेतलंस तरी मला वाईट न्हाय वाटायचं. तू तर सांगितलेलंस, माझीच चूक हाय. निदान यांना तरी अक्कल येऊ दे.”

मी तीनदा ऐकलं. उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

या सोमवारी नवी बॅच सुरू झाली. मानसी मदतीला आली होती, तिनेच लाल पेन वाटले. मग मी माईक लावला आणि गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ‘एक मैत्रीण’ म्हणत होते. या वेळी ‘हेमांगी’ म्हणाले.