शेळीच्या पोटातला वड

नातवाने पुण्याहून ताटलीत लावलेला वीतभर वड आणला. त्याच्या ओल्या मातीचा वास आला आणि मी थेट हिर्डोशीच्या आमच्या ओसरीत जाऊन पडलो.

दादा पलटणीत निघाला, तेव्हा भिंतीत उगवलेला वड खापरात लावून वहिनीला म्हणाला, "आल्यावर बांधावर लावतो. तवर सांभाळ." लढाई चार वर्षं लांबली. वहिनीने दरसाल विळ्याने मुळं छाटून वड वीतभरच ठेवला. पारंब्या मात्र अशा, की मुंगळे झोके घ्यायचे!

चौथ्या वर्षीच्या वटपौर्णिमेला दादाचं शेवटचं पत्र येऊन सहा महिने झाले होते. त्यात मी शेळीचं दावं सैल बांधलं. वहिनी सूत घेऊन आली, तर खापरात नुसती माती.

"भावजी, वड कुठाय?"

"शेळीच्या पोटात, वैनी."

वहिनी रडली नाही. तिने शेळीलाच सात फेरे घातले, सूत गुंडाळलं. शेळी अशी गंभीर उभी, की पाटलानेही मुजरा करावा. मी हसून हसून ओसरीवरून खाली पडलो.

दादा आला. शेळी म्हातारी होऊन मेली. वहिनीने तिला कुणाला कापू दिलं नाही.

आज या वडाभोवती मला वहिनीचा हात दिसतो. तो दादाच्या आयुष्यासाठी शेळीला सूत गुंडाळत होता, आणि मी हसत होतो.