बिल्ल्यावरचं फूल

लासूर स्टेशनच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. शाळेचं बोधचिन्ह काढायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. संस्थेच्या अध्यक्षांनी शहरातल्या कुठल्याशा हॉटेलच्या फाटकावर एक लोखंडी फूल पाहिलं होतं. मधली पाकळी उभी टोकदार, बाजूच्या दोन वळलेल्या. तेच त्यांना बोधचिन्हातल्या ढालीवर हवं होतं.

मी माहिती काढली. फ्रान्सच्या राजांचं हे चिन्ह. नाव लिलीचं, पण मूळ फूल आयरिसचं, असं बरेच जाणकार मानतात.

"राजा कोणता?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुष्कळ होते. एकाचं डोकं लोकांनी उडवलं."

"ते पालकांना सांगू नका."

गणवेशावर लावायचे बिल्ले शहरात, गुलमंडीतल्या एका भरतकाम करणाऱ्या चाचांकडे दिले. त्यांनी कागद सरळ धरला, मग उलटा धरला.

"सर, ये फूल है के भाला?"

"फूल."

"देखे कभी?"

मी नाही म्हणालो. त्यांनी सोनेरी दोरा काढला.

पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, "ह्ये फूल येतं कुठं?"

"आपल्या शाळेत," अध्यक्ष म्हणाले. मला हे तेव्हाच कळलं.

नर्सरीवाल्यानं आयरिसच्याच घराण्यातलं, पण आपल्या उन्हात तग धरेल असं एक रोप दिलं. पाणी घालायचं काम शाळेतल्या मावशींवर आलं. "खायचं नाय, वास नाय, नुसती पानं," असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज पाणी घालायच्या. मे महिन्यात त्यांनी रोपावर स्वतःचं जुनं लुगडं बांधलं. मुलांना दम भरला, "जवळ गेलात तर माझ्याशी गाठ हाय."

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, ऐन प्रार्थनेत, मावशी रांगा तोडत धावत आल्या. "सर, फुललं!"

पांढरं फूल, मध्ये निळं. बिल्ल्याशी फारसं साम्य नव्हतं. मुख्याध्यापिकांनी पहिलीपासून एकेक वर्ग पाहायला पाठवला. दहावीची पाळी दुपारी आली, तोवर फुलाचा ओल्या कागदासारखा बोळा झाला होता. दहावीनं तोही शिस्तीत पाहिला.

अध्यक्ष तीन वाजता आले.

"हे?"

"सकाळी यायचं व्हतं, साहेब," मावशी म्हणाल्या. अध्यक्षांशी असं कोणी बोलत नाही. सगळे शिक्षक खाली बघू लागले.

अध्यक्ष उकिडवे बसले. कपाशीचं बोंड बघावं तसं त्यांनी तो बोळा बोटावर उचलून पाहिला.

"आता परत कधी?"

"उद्या. अजून एक कळी हाय. सातला या, उशीर करू नका."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचलो, तर दोघं वाफ्यापाशी उभे होते. नुकतंच उमललेलं फूल बघत होते. अध्यक्षांनी चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. चिखल होता, म्हणूनही असेल.